भिंतीआडच्या नायिका

सिनेमाचा डबा आलाच नाही, हे हैमवतीला पाहुणे दारात पाय धूत असताना कळलं. कपाळाला हात लावायचीही सोय नव्हती, नुकतंच कुंकू लावलं होतं.

किती बेतानं जमवलं होतं तिनं सगळं! वार गुरुवार निवडला, कारण गुरुवारी एखादीनं मौनव्रत धरलं तर तणुकू गावात कुणी खोदून विचारत नाही. वेळ मॅटिनीची ठरवली, कारण भिंतीपलीकडच्या कनकमहल टॉकीजला चंद्रहासबाबूंचा नवा सिनेमा लागायचा होता. चंद्रहासबाबू म्हणजे पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत नुसत्या डरकाळ्या. त्यांनी खलनायकाला ललकारलं की हैमवतीच्या घरी, वेदुलांकडे, मांडणीवरची ताटं थरथरायची. त्या गदारोळात होणाऱ्या सासूबाईंना शिंक आली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. आणि आता विजयवाड्याहून यायचा डबा गाडीत अडकला, म्हणून टॉकीजवाल्यानं गोदामातला वीस वर्षांपूर्वीचा सिनेमा काढून लावला. रिक्षावाला भोंग्यातून ओरडत गेला, "हेमप्रभा आणि तारामंजरी! दोघी एकाच सिनेमात! फक्त चार दिवस!"

"मेले," हैमवती पुटपुटली.

"काय गं?" तिच्या आईनं, सुगुणानं, स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"काही नाही अम्मा. साडी टोचतेय."

तिनं पाहुण्यांतल्या फणींद्रकडे, होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. फणींद्रनं भोंगा ऐकला होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं आईकडे पाहिलं. आई, भ्रमरांबागारू, ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून आत आल्या.

ह्या बाईंनी बावीस वर्षं मद्रासच्या एका अंधाऱ्या खोलीत उभं राहून पडद्यावरच्या नट्यांना आवाज दिला होता. मुंबईहून नाहीतर बंगालहून आलेल्या नट्यांना तेलुगू कुठली यायला! त्या ओठ हलवायच्या, बोलायच्या भ्रमरांबागारू. दुसऱ्या कुठल्याही घरात हे लपून राहिलं असतं. वेदुलांच्या घरात राहणं कठीण, कारण ह्या घरातली माणसं सिनेमा कानानंच बघतात. आणि घरचे कर्ते, हैमवतीच्या वडिलांचे थोरले भाऊ सोमयाजुलुगारू, सिनेमावाल्यांशी सोयरीक करण्यापेक्षा पुतणीला घरात म्हातारी होऊ देतील, ह्याबद्दल तिला शंका नव्हती. वडील ती सात वर्षांची असतानाच गेले. तेव्हापासून ह्या पेद्दनान्नांनीच तिला वाढवलं, शिकवलं, तिच्यासाठी रात्री जागले. लग्न त्यांच्याच शब्दावर होणार होतं आणि त्यांच्यापासूनच हे लपवायचं होतं, निदान साखरपुड्याचं तांबूल हातात पडेपर्यंत. हैमवतीला त्याची लाज वाटत होती. पण फणींद्र हातचा जाईल ह्याची भीती लाजेपेक्षा मोठी होती.

त्या भिंतीचं भांडण आमच्या तणुकूत सगळ्यांना पाठ आहे. एकसष्ट साली गोपालमनं टॉकीज बांधताना वेदुलांच्या परसातली तीन फूट जागा गिळली. सोमयाजुलुंच्या वडिलांनी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की ह्या घरातलं माणूस त्या टॉकीजात पाऊल टाकणार नाही. पुढे टीव्ही आला तोही बातम्यांपुरता. रविवारी सिनेमा लागायची वेळ झाली की सोमयाजुलुगारू स्वतः उठून बटण बंद करत.

पण झालं असं, की टॉकीजच्या पडद्यामागची भिंत तीच वेदुलांच्या स्वयंपाकघराची भिंत. भोंगे पडद्यामागेच बसवलेले. त्यामुळे पुढच्या बाकड्यावरच्या पब्लिकपेक्षा स्वच्छ इथल्या चुलीपाशी ऐकू यायचं. मॅटिनीच्या मध्यंतराला डाळ उतरायची, फर्स्ट शोच्या घंटेला दिवा लागायचा. बत्तीस वर्षांत एकही सिनेमा सुटला नाही, आणि पाहिला एकही नाही.

सुगुणाची थोरली जाऊ कामेश्वरी, म्हणजे सोमयाजुलुंची बायको आणि हैमवतीची पेद्दम्मा, तिची मतं घ्यायला गल्लीतल्या बायका यायच्या. सिनेमा स्वतः बघून यायच्या आणि हिला विचारायच्या, कसा होता!

"चंद्रहासबाबू? त्यांचा राग घशातून येतो, पोटातून येत नाही. म्हणून तर मध्यंतरापर्यंत घसा बसतो बिचाऱ्यांचा."

"आणि हिंदीतले हीरो, पेद्दम्मा?"

"बोलायला तोंड उघडतात आणि लगेच गाणं. फार काही सांगायचं नसावं त्यांना. पण गाणी मात्र, खरं सांगते, भात करपला तरी चालेल अशी."

"तमिळवाले?"

"आईशी बोलताना रडतात, पोलिसांशी बोलताना रडतात, दूधवाल्याशी बोलताना रडतात. रडण्या-रडण्यात काही फरक नको?"

एकदा कुठलासा बंगाली सिनेमा आला आणि तीन दिवसांत गेला. त्यात कुणी धड बोलेचना. सुगुणा म्हणाली मशीन बिघडलं असेल. कामेश्वरी भिंतीला कान लावून बसून राहिली आणि म्हणाली, "नाही गं. ही माणसं गप्प बसतात ती खरी गप्प बसतात. सिनेमा चांगला आहे." त्यावर मात्र दोघींचं एकमत झालं. तसं फार वेळा व्हायचं नाही.

कारण हेमप्रभा आणि तारामंजरी. कामेश्वरी हेमप्रभाची, सुगुणा तारामंजरीची. हेमप्रभा सोसणारी, हळू बोलणारी. तारामंजरी फटकळ, सासूला तोंडावर उत्तर देणारी. दोघींचे चेहरे ह्यांनी पाहिले ते भिंतीवरच्या पोस्टरांवर, बाकी ओळख सगळी आवाजाची. आणि दोघींचं हसू सारखं होतं! आधी आवरलेला एक हुंकार, मग दोन ठसके, मग गळ्यातून घरंगळत येणारं मोकळं हसू. कामेश्वरीचं म्हणणं, तारामंजरीनं ते हेमप्रभाचं चोरलं. सुगुणाचं म्हणणं नेमकं उलट. ह्यावरून सुगुणा नवी नवरी असताना जी वाजली ती अजून वाजतच होती. जावांमध्ये आणखीही काही असतं, नाही असं नाही, पण नाव ह्याचंच व्हायचं. एका स्वयंपाकघरात दोन चुली झाल्या, आणि बोलणं पोरीमार्फत. "हैमा, तुझ्या पेद्दम्माला सांग, मीठ संपलंय." पेद्दम्मा चार हातांवर बसलेली.

बैठकीत सोमयाजुलुगारू पाहुण्यांची मोजणी करत होते. आयुष्यभर सर्वेअरची नोकरी केलेला माणूस, साखळी टाकून पाहिल्याशिवाय त्यांना काही खरं वाटत नसे. मुलगा नजरेला नजर देतो, विशाखपट्टणच्या विमा कचेरीत हैमाच्या समोरच्या टेबलावर बसतो. मुलाचे वडील जगन्नाथमगारू निवृत्त पोस्टमास्तर, माणूस सज्जन, जरा जास्त बोलतो.

"आमच्या हिचं आज मौन असतं," जगन्नाथम तिसऱ्यांदा म्हणाले. "गुरुवारचं. फार जुनं."

"छान, छान."

सोमयाजुलुगारूंना ही बाई मनापासून आवडली. किती तोळे, किती साड्या, काही विचारत नाही, नुसती मान डोलावते. दोन जावांच्या घरात इतकी वर्षं काढल्यावर न बोलणारी विहीण मिळते म्हणजे देवच पावला म्हणायचा.

"विहीणबाई पूर्वी काही नोकरी वगैरे?" त्यांनी सहज विचारलं.

"होती ना, मद्रासला," जगन्नाथमनी घाम पुसला. "कागद वाचायचं काम. समोर कागद ठेवायचे, ह्यांनी वाचायचे."

"सरकारी?"

"सरकारी नाही. पण नियमित."

भ्रमरांबागारूंनी पदर तोंडाशी नेला. फणींद्रनं उपम्याच्या बशीत डोकं घातलं.

सोमयाजुलुगारूंचं मन ठरत आलं होतं. त्यांनी दारात उभ्या कामेश्वरीला हळूच खूण केली आणि विचारलं, "भात टाकलास ना?" आमच्याकडे सोयरीक ठरल्याशिवाय मुलाकडचे मुलीच्या घरचा भात खात नाहीत. उपमा चालतो, लाडू चालतो. पान वाढून भात घातला म्हणजे होकार. कामेश्वरीनं मान हलवली. भात सकाळपासूनच तिच्या मनात शिजत होता, आता चुलीवरही होता. मुद्दपप्पूची घट्ट डाळ, अंबाडीचा गोंगुरा, लोणचं, सगळं तयार होतं. हैमवतीनं ते पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. अर्धा तास. अजून अर्धा तास निभलं की झालं.

कामेश्वरी उडदाच्या लाडवांचं ताट घेऊन पुढे आली. तेवढ्यात भिंतीतून तारामंजरी हसली.

कामेश्वरी जागच्या जागी थांबली. पाहुण्यांसमोर गप्प राहायचं तिनं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण इतक्या वर्षांची खोड.

"ऐकलंत? चोरीचा माल असा ओळखू येतो," ती भ्रमरांबागारूंना म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारातून लगेच उत्तर आलं. "हैमा, पेद्दम्माला म्हणावं, आधी लाडू द्या. भाषण नंतर."

"हैमा, तुझ्या आईला म्हणावं, लाडू देतेच आहे. पण हेमप्रभाच्या नखाचीही सर नाही तिला, हे पाहुण्यांना कळायला नको?"

"हेमप्रभा!" सुगुणा दाराबाहेर आली. मोठ्या दिरासमोर ती कधी यायची नाही, पण आता भान कुणाला होतं! "रडून रडून रीळ भिजवते मेली! कुणी मारलं की रडली. कुणी जेवायला बोलावलं की रडली. लग्न ठरलं, त्या दिवशी तर दोन रिळं रडली!"

"आणि तुझी तारामंजरी? नाकात बोलते नाकात! सर्दी झालेल्या शेळीसारखी!"

"अम्मा, पेद्दम्मा, पुरे," हैमवती म्हणाली. तिला भ्रमरांबागारू दिसत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. पदराचा बोळा त्यांनी तोंडात घातला होता आणि तोही पुरेना.

आधी आवरलेला एक हुंकार आला. मग दोन ठसके. मग गळ्यातून घरंगळत ते मोकळं हसू सबंध बैठकीत पसरलं.

"हेमप्रभा!" कामेश्वरी किंचाळली.

"तारामंजरी!" सुगुणा त्याच क्षणी ओरडली.

लाडवांचं ताट खाली आलं. एक लाडू घरंगळत सोमयाजुलुगारूंच्या पायाशी जाऊन थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्या बाईकडे, मग भिंतीकडे. हिशेब करायला त्यांना वेळ लागला नाही.

"कागद वाचायचं काम," ते म्हणाले.

जगन्नाथमनी घाम पुसलेला रुमाल पुन्हा बाहेर काढला.

"पेद्दनान्ना, दोष ह्यांचा नाही," हैमवती पुढे झाली. "मौनव्रत मी सांगितलं. ह्या घरात तोंड उघडलं की ओळखतील, म्हणून मीच म्हटलं. त्या तयार नव्हत्या."

"तू." सोमयाजुलुगारूंना राग आला होता, पण रागाच्या खाली काहीतरी तुटलं होतं, आणि ते त्यांना रागापेक्षा जास्त लागलं. ताप आला की हीच पोर त्यांच्या अंगावर झोपायची. "मला फसवलंस तू, हैमा? मला?"

"हो."

"का?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

खरंच होतं ते.

"अन्नय्यगारू," भ्रमरांबागारू उठून उभ्या राहिल्या. आता त्यांचा साधा, घरचा आवाज ऐकू आला, जरासा खरखरीत. "व्रत खोटं होतं. माफ करा. पण कामाची मला लाज नाही. बावीस वर्षं उभं राहून केलं. कुठल्या सिनेमात पाट्यांवर माझं नाव आलं नाही, पण त्या पैशात मुलगा शिकला. तुम्हाला चालणार नसेल तर आम्ही निघतो. मुलीला रागावू नका."

"थांबा हो!" कामेश्वरीनं नवऱ्याला हातानंच बाजूला केलं. "जायचं बिचं नंतर. आधी मला सांगा वदिनगारू, हसू कुणाचं? हेमप्रभाचं ना?"

"तारामंजरीचं, अक्का. नीट ऐका तरी," सुगुणा म्हणाली. पोरीमार्फत नाही, थेट म्हणाली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भ्रमरांबागारूंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "दोघींचं. हेमप्रभालाही मी बोलायची आणि तारामंजरीलाही."

"दोघी तुम्हीच?"

"हो. हेमप्रभाला पोटातून बोलायचं. तारामंजरीला असं, नाकाच्या शेंड्यावर आणून." त्यांनी दोन शब्द तसे बोलून दाखवले. सुगुणाच्या अंगावर काटा आला. "आवाज दहा प्रकारचे काढता येतात. हसू काही बदलता येईना. खूप प्रयत्न केला. शेवटी डायरेक्टर म्हणाले राहू द्या, कोण एवढं ऐकतंय! आज कळलं कोण ऐकत होतं."

"आणि हा आत्ताचा सिनेमा? ह्यात तर दोघी एकमेकींशी भांडतात!"

"सकाळी हेमप्रभाकडून भांडले, दुपारी जेवून तारामंजरीकडून उत्तरं दिली. घरी गेले तर हे विचारतात, जिंकलं कोण?"

जगन्नाथमनी कबुलीची मान हलवली. कामेश्वरी मटकन खाली बसली. सुगुणा तिच्याशेजारी बसली. दोन चुली मांडल्या होत्या दोघींनी, ह्या एका बाईवरून!

"झालं बोलून?" सोमयाजुलुगारू उभेच होते. "जगन्नाथमगारू, तुमची गाडी आठची. स्टेशनजवळ चांगली खानावळ आहे. माझ्या वडिलांनी संकल्प सोडलाय. सिनेमाशी ह्या घराचा संबंध नाही. तांबूल होणार नाही."

फणींद्र उठला. हैमवती जागची हलली नाही. "पेद्दनान्ना, तुमच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही," ती म्हणाली. "पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही."

"नको करू."

"भात उतरवू का, अक्का?" सुगुणानं हळूच विचारलं. तिचे डोळे भरले होते. तिच्या पोरीच्या लग्नाचा भात होता तो.

"उतरव. झाकून ठेव," कामेश्वरी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती त्यांना कधी बस म्हणाली नव्हती. "बसा इथे."

"कामेश्वरी, माझा निर्णय..."

"बसा म्हणते ना. तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."

ते बसले.

"आपला बुज्जी गेला तेव्हा मी किती दिवस जेवले नाही?"

असं काही ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाचं, बुज्जीचं नाव त्या घरात चोवीस वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं.

"एकोणीस," सोमयाजुलुगारू म्हणाले. त्यांना विचार करावा लागला नाही.

"ताक आणि पाणी. तेसुद्धा सुगुणा चमच्यानं घालायची म्हणून. चुलीमागे भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे मी. वैद्य म्हणाले होते, ही राहत नाही."

"मी पायाशी बसायचे, बावगारू," सुगुणा म्हणाली.

"त्या वेळी हेमप्रभाचा सिनेमा चालू होता. रोज तीन खेळ. त्यात तिची धाकटी बहीण नवरा गेला म्हणून अंथरुणाला खिळते, आणि हेमप्रभा तिला म्हणते..." कामेश्वरीनं भिंतीकडे बोट केलं. "रोज तीनदा म्हणायची. पहिले काही दिवस मला तिचा राग यायचा. मग मी वाट बघायला लागले. सगळे समजावत होते, देवाची इच्छा, प्रारब्ध, धीर धर. ही एकटी तेवढं म्हणायची. एकोणिसाव्या दिवशी मॅटिनीला ती म्हणाली आणि मी उठले. सुगुणानं पान वाढलं. तुम्ही कचेरीतून आलात तेव्हा मी जेवत होते. आठवतं?"

आठवत होतं. चपला न काढता ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते.

"काय म्हणायची हेमप्रभा?" हैमवतीनं विचारलं. ही गोष्ट तिनंही कधी ऐकली नव्हती.

उत्तर भ्रमरांबागारूंनी दिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि आता आवाज खरखरीत नव्हता. पोटातून आला, हळू आला, चोवीस वर्षांपूर्वीचा जसाच्या तसा.

"ऊठ गं. भात निवतोय."

कामेश्वरी रडायला लागली. सुगुणानं तिला धरलं. ह्या वेळी रडण्याला कुणी नावं ठेवली नाहीत. रडत रडतच कामेश्वरी उठली, भ्रमरांबागारूंपाशी गेली आणि त्यांचे दोन्ही हात तिनं स्वतःच्या डोळ्यांना लावले.

"मला वाटायचं, कधीतरी हेमप्रभा भेटली तर पाया पडेन," ती म्हणाली. "ती तर नुसते ओठ हलवत होती! तुम्ही होतात. माझा जीव तुम्ही वाचवलात, वदिनगारू, आणि मी तुम्हाला आत्ता शेळी म्हणाले."

"सर्दी झालेली," सुगुणा म्हणाली.

भ्रमरांबागारू रडता रडता पुन्हा तसंच हसल्या. "मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "बसमध्ये शेजारच्या बायका हेमप्रभाचं कौतुक करायच्या, मी तिकीट काढून गप्प बसायची. तुम्ही मला ओळखलंत. तांबूल नको, काही नको. माझं एवढ्यात झालं."

सोमयाजुलुगारू भिंतीकडे बघत बसले होते. पलीकडे सिनेमा संपत आला होता, बाकडी सरकत होती. मग त्यांनी चष्मा काढला.

"मी त्या टॉकीजात गेलो होतो," ते म्हणाले.

"कुठे?" कामेश्वरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"टॉकीजात. त्याच दिवसांत. तू भिंतीशी पडलेली आणि पलीकडे नाचगाणी. मला सहन होईना. मागच्या दारानं गोपालमच्या खोलीत गेलो. हात जोडले त्याला. म्हटलं, तीन फूट जागा घे, मी पुन्हा साखळी काढणार नाही. महिनाभर फक्त आवाज कमी कर. बायको मरेल माझी."

वडिलांचा संकल्प मोडला होता तो ह्या माणसानंच.

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला, सर्वेअरगारू, आवाज कमी केला तर पब्लिक खुर्च्या मोडेल. रडला बिचारा, पण ऐकलं नाही. मी त्याला तो मरेपर्यंत शिव्या दिल्या." त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड पुसले. "त्यानं ऐकलं असतं तर काय झालं असतं, कामेश्वरी?"

तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर.

"तू जेवलीस म्हणून मी अन्नवरमला जाऊन नवस फेडला," ते म्हणाले. "देवाचे आभार मानून आलो. ह्यांचे मानायचे राहूनच गेले." मग पुतणीकडे वळले. "आणि तू. खोटं बोललीस."

"हो, पेद्दनान्ना."

"मीही बोललो. तुझ्यापेक्षा जास्त वर्षं. जा, विड्याची पानं आण. चांगली बघून आण, डाग नकोत."

हैमवती हलेचना. आपण ऐकलं ते खरं की काय, तिला कळेना. फणींद्रनं तिला कोपरानं ढोसलं तेव्हा ती पळाली, आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला.

स्वयंपाकघरात दोन्ही जावा एकाच पातेल्याशी उभ्या होत्या. "मीठ दे," कामेश्वरी म्हणाली, आणि सुगुणानं तिच्या हातात मीठ दिलं. पानं मांडली गेली. जगन्नाथम आणि फणींद्र जाऊन बसले. भ्रमरांबागारू मात्र अजून भिंतीशीच बसून होत्या, पदरानं तोंड पुसत, थांबावं की निघावं हे न उमगून.

सोमयाजुलुगारू त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. सिनेमातलं वाक्य ह्या माणसाच्या तोंडी कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"उठा अम्मा," ते म्हणाले. "भात निवतोय."

बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी बोललेल्या त्या बाईला हे वाक्य आज पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. त्या उठल्या आणि पानावर जाऊन बसल्या.